मधल्या माइकवर कोणी गात नव्हतं

जगातल्या कोणत्याही गायकाला स्टेजवर उभं करा, दुसऱ्या मिनिटाला त्याची एकच तक्रार येते: मला मी ऐकू येत नाही. शाळेच्या गॅदरिंगमधली मुलगी असो, चर्चच्या कॉयरमधली आजी असो की भारतातून दौऱ्यावर आलेले मोठे बुवा असोत, तक्रार तीच. ती ऐकायची आणि तिच्यावर इलाज करायचा, हे काम मी जवळजवळ पंचवीस वर्षं शनिवार-रविवारी केलं.

जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी खरं तर माझ्या नोकरीवर लेख मागितला होता. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनमध्ये एका मोठ्या कंपनीत मी इंजिनिअर होतो आणि गाडीच्या काचा पुसणाऱ्या मोटरचा आवाज कमी करणं हे माझं काम होतं. सोमवार ते शुक्रवार आवाज मारण्याचा पगार घ्यायचा आणि शनिवारी लोकांचा आवाज वाढवायला जायचं. बायको म्हणायची, अहो, तुमचं काय ते एकदा ठरवा. आता रेंटे सुरू झाली आहे. पेन्शन खात्यात येतं, वेळच वेळ आहे, आणि आठवण मोटरची नाही, माइकची येते.

बाहेरच्या माणसाला हा धंदा कळत नाही म्हणून थोडं सांगतो. मोठ्या कार्यक्रमात आवाजाची दोन टेबलं असतात. एक प्रेक्षकांच्या मधोमध. तिथला माणूस लोकांना काय ऐकू जावं ते ठरवतो. आमच्याकडे तिथे यॉर्ग बसायचा. दुसरं टेबल स्टेजच्या बाजूला, पडद्याआड, तिथे मी. कलाकारांना काय ऐकू यावं हे मी बघायचो. त्यांच्या पायाशी जे तिरके काळे स्पीकर असतात, त्यांना आम्ही वेज म्हणतो. प्रत्येकाच्या वेजमध्ये वेगळा मसाला. ढोलवाल्याला गिटार हवी, गिटारवाल्याला गायक हवा आणि गायकाला फक्त स्वतः हवा. माझं काम नीट झालं तर मी तिथे आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलं तर माइक शिटी मारतो आणि दोन हजार माणसं एकदम माझ्याकडे बघतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक असतातच. एक बासवाला कानात बोळे घालून यायचा आणि मग ऐकू येत नाही म्हणून माझ्यावर खेकसायचा. एका शेजारगावच्या कॉयरमध्ये दोन बायकांचं भांडण होतं, त्यातल्या एकीने मला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या वेजमध्ये दुसरीचा आवाज अजिबात येता कामा नये. मी तो तसा काढला, आणि दोघी पहिल्यांदा एका सुरात गायल्या. आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तर प्रत्येक जण येऊन म्हणतो, दादा, थोडा इको टाका ना. इको टाकला की नवशिक्यालाही आपण गायक झाल्यासारखं वाटतं. टाकतो बापडा.

या धंद्यात मी आलो तो वडिलांमुळे. ते परभणीकडे एका गायन पार्टीत गायचे, आणि जयंतीच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात त्यांना मोठी मागणी असायची. वस्त्यावस्त्यांतून गायचे, मध्येच थांबून भाषण करायचे, पुढाऱ्यांना नावं ठेवायचे, लोकांना शाळेत जायला सांगायचे. मी कुठेही गेलो तरी त्यांचाच मुलगा होतो. माझा गळा मात्र कामाचा नाही हे सगळ्यांना लवकरच कळलं, म्हणून माझ्याकडे ॲम्प्लिफायर आणि कर्णा आला. इंजिनिअरिंग पुढे शिकलो, पण कान तिथे तयार झाला. म्हणून असेल, बिसी नावाची नायजेरियन गायिका आमच्या स्टेजवर पहिल्यांदा आली तेव्हा तिचं मला एकदम कळलं, असं मला वाटलं. पुढे जे झालं ते या वाटण्यामुळेच झालं.

बिसीचे वडील नायजेरियात, लागोसमध्ये, आफ्रोबीटमधलं मोठं नाव होते. बँडमध्ये त्यांना सगळे चीफ म्हणत, मीही तेच म्हणतो. आफ्रोबीट ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी: दोन-तीन गिटार आपापला छोटासा तुकडा न थकता वाजवत राहतात, ढोल आणि कोंगा त्यात फिरत राहतात, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट मध्ये मध्ये जाब विचारल्यासारखे येतात, कोरस उत्तर देतो, आणि गायक सरकारची सालटी काढतो. एक गाणं अर्धा-अर्धा तास चालतं. स्टुटगार्टला विद्यार्थी होतो तेव्हा वोनहाइममध्ये, म्हणजे होस्टेलमध्ये, शेजारच्या खोलीतला नायजेरियन मुलगा चीफच्या रेकॉर्डी लावायचा. भाषा कळत नव्हती, पण हे आमच्या पार्टीतलंच चाललं आहे याबद्दल मला शंका नव्हती.

चीफ वारल्यावर बँड बिसीकडे आला. ती तेव्हा हॅम्बुर्गला राहत होती, पस्तिशीची, सॅक्सोफोन वाजवणारी आणि गाणारी. बँड आला म्हणजे माणसं आली. अर्धे तरुण तिने जर्मनीत जमवले होते. अर्धे वडिलांच्या वेळचे, तिला लहानपणी कडेवर घेतलेले. त्यांच्यात सर्वांत ज्येष्ठ अंकल टायो. सत्तरी ओलांडलेले, सडसडीत, कधीही न हसणारे. प्रत्येक गाणं त्यांच्या गिटारने सुरू व्हायचं. त्यांनी पहिला तुकडा वाजवल्याशिवाय बाकी कोणी हात हलवायचा नाही, हा चीफचा नियम होता आणि तो तसाच चालू होता.

स्टुटगार्टजवळ एका उन्हाळी महोत्सवात त्यांचा कार्यक्रम होता, दुपारी चार वाजता. कलाकार येण्याआधी आम्हाला एक कागद येतो, त्याला रायडर म्हणतात: कोण कुठे उभा राहणार, कोणाला किती माइक, कुठला माइक कुठल्या नंबरवर. या रायडरवर पहिल्या नंबरला लिहिलं होतं: चीफ. स्टेजच्या मधोमध. कायम चालू. आवाज नेहमीइतका.

मी यॉर्गला म्हटलं, अरे, चीफ तर तीन वर्षांपूर्वी गेले. यॉर्ग म्हणाला, टायपिंगची चूक असेल.

चूक नव्हती. बँड आला तेव्हा अंकल टायोंनी स्वतःच्या पिशवीतून एक जुना, पोचे आलेला माइक काढला. त्याच्या गळ्याशी लाल कापड बांधलं होतं. त्यांनी तो मधल्या स्टँडवर लावला, स्टँडची उंची हाताने मोजून वर केली, आणि मागे सरून उभे राहिले. मग मला सांगितलं, हा माझ्या वेजमध्ये हवा, पूर्ण. मी तो दिला. त्यांनी बोटाने माइकवर टकटक केलं, आपल्या जागी जाऊन ऐकलं आणि मान डोलावली. या माइकवर कोणी गाणार नव्हतं. बिसीचा माइक डावीकडे, दोन मीटर लांब.

आमच्याकडे जलशाला स्टेजवर खुर्चीत फोटो ठेवून पुढे गायलेले लोक मी पाहिलेत, त्यामुळे मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण आवाजाचा माणूस म्हणून हे मला परवडणारं नव्हतं. माइकला श्रद्धा कळत नाही. त्याच्यासमोर कोणी गात नसेल तर तो मागचे ढोल, ट्रम्पेट, कोंगा, सगळं गोळा करतो आणि परत स्पीकरमध्ये सोडतो. म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकू येते, आणि एकूण आवाज असा काठावर येऊन बसतो की दुसऱ्या कोणाला जरा वाढवलं की शिटी. स्टेजच्या मधोमध, पूर्ण आवाजात, मोकळा माइक. यापेक्षा जमिनीत एक भोक पाडा म्हणाले असते तर बरं झालं असतं.

साउंडचेक सुरू झाला. चीफच्या गाण्यात बिसी ओरडून गायची, अगदी वडिलांसारखी, आणि ते चालून जायचं. मग तिने एक नवीन गाणं घेतलं. तिचं स्वतःचं. त्यात ओरडणं नव्हतं. खालच्या आवाजात, जवळ बसून बोलावं तसं. चार ओळी झाल्या आणि ती थांबली. माझ्याकडे आली आणि तेच म्हणाली, जे सगळे म्हणतात.

मी तिचा आवाज वाढवला. माइकने शिटी मारली. कमी केला, पुन्हा वाढवला, पुन्हा शिटी. शेवटी मी तिला टेबलाशी बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं: तुझा आवाज आणखी वाढवता येत नाही, कारण मधला माइक चालू आहे. तो बंद केला तर तुझा आवाज तुला पाहिजे तेवढा देता येईल. कोणीही साउंडवाला हेच सांगेल.

"कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "तीन वर्षं मला वाटत होतं, माझा आवाजच लहान आहे."

तिने मग जे सांगितलं त्याचं सार असं: हे गाणं तिने आदल्या आठवड्यात कोलोनला म्हटलं होतं. मध्यावर सूर हातातून सुटला, लोकांनी वडिलांची गाणी मागायला सुरुवात केली आणि तिला ते अर्धवट सोडावं लागलं. आज दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम. आज जमलं नाही तर ती हे गाणं पुन्हा स्टेजवर आणणार नव्हती. हे नाही आणि दुसरंही नाही. वडिलांचीच म्हणेन, लोक त्यासाठीच तर येतात, असं ती म्हणाली, आणि त्यात रुसवा नव्हता. हिशेब करून थकलेल्या माणसासारखं ती बोलत होती.

मी म्हटलं, मग अंकलना सांग की माइक काढा.

तिने मान हलवली. ते नाही जमणार. सकाळी मी स्वतः बघितलं होतं. अंकल टायो गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या पुढ्यात तिने पार्किंगमध्येच दोन्ही गुडघे टेकले होते. योरुबा लोकांत मुली वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करतात. आपल्यातही पाया पडतात, पण पाया पडून झालं की सून सासऱ्यांच्या कंपनीची मॅनेजर होत नाही. इथे सकाळी ज्यांच्यापुढे गुडघे टेकायचे त्यांनाच दुपारी सांगायचं की असं वाजवा, असं वाजवू नका. बिसी कधी सांगत नसे. ती विचारायची. अंकल, हे करू का? अंकल, ते चालेल का? अंकल गप्प बसायचे आणि जसं होतं तसं राहायचं.

यॉर्गला मी हे सांगितलं तेव्हा त्याने खांदे उडवले. "आल्झो, मग तू सांग त्यांना. पाच मिनिटांचं काम आहे. माइकमुळे बाई ऐकू येत नाही, माइक बंद करतो. संपलं."

गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. जर्मन माणसाला हे पाच मिनिटांचं काम वाटतं. यॉर्ग स्वतःच्या बापाला जेवणाच्या टेबलावर सांगू शकतो की तू आता गाडी चालवू नकोस, आणि बाप बरं म्हणून किल्ली देतो. आपल्याकडे असं बोलत नाहीत. आपल्याकडे मोठ्या माणसांना सांभाळतात. आईच्या चहात साखरेऐवजी गोळी टाकून आम्ही तीन वर्षं काढली, तिला कळूही दिलं नाही. वडिलांचंही तेच. शेवटच्या काही वर्षांत वरच्या पट्टीत त्यांचा आवाज फाटायचा. तिथे मी हळूच त्यांचा माइक कमी करून कोरस वर घ्यायचो. लोक वाहवा करायचे, वडील खूश व्हायचे. त्यांना कळत होतं का, हे विचारायचं राहून गेलं. आता त्याचं वाईट वाटतं, पण त्या दुपारी वाटत नव्हतं. त्या दुपारी मला वाटत होतं की या कामात माझा हात धरणारा कोणी नाही.

मी असं केलं. कार्यक्रम सुरू होताना अंकल माइकवर टकटक करणार हे माहीत होतं, तेवढ्यापुरता तो चालू ठेवायचा. त्यांची मान डोलली की बंद. त्यांच्या वेजमध्ये त्याऐवजी ढोलांवर टांगलेला माइक सोडायचा. तसाच भरलेला, तसाच गजबजलेला आवाज. त्यांना फरक कळणार नाही. प्रेक्षकांकडे जाणारा आवाज यॉर्गच्या हातात होता, म्हणून त्याला इंटरकॉमवर सांगितलं, एक नंबर बंद ठेव.

"त्यांना सांगितलंस?" यॉर्गने विचारलं.

"हो, सांगितलं," मी म्हटलं.

बिसीलाही मी यातलं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो की आज तुला ऐकू येईल, बघ.

चार वाजले. ऑगस्टचं कडक ऊन, गवतावर चादरी टाकून बसलेले लोक, बाजूला नगरपालिकेचा माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन उभा. अंकल टायोंनी टकटक केलं, मान डोलावली. मी बटणं दाबली. पहिली दोन गाणी चीफची. अंकल डोळे मिटून वाजवत होते, आणि बिसी पहिल्याच गाण्यात वेजकडे बघून जरा चमकली, मग सुटली. लोक उठून नाचायला लागले. मी स्वतःवर इतका खूश होतो की थर्मासमधून कॉफी ओतून घेतली.

मग नवीन गाण्याची वेळ आली. सगळे थांबले, अंकलच्या गिटारची वाट बघत. अंकलनी गिटार वाजवली नाही. ती गळ्यात तशीच ठेवून ते सावकाश चालत मधल्या माइकपाशी गेले.

हे रायडरवर नव्हतं. बँडमधली रीत अशी होती, हे मला नंतर कळलं, की नवीन गाणं पहिल्यांदा घेताना बँडमधला सर्वांत मोठा माणूस चीफला सांगतो. चीफ जिवंत असताना ते समोर बसून ऐकायचे. आता माइकवर सांगायचं. कोलोनला ते झालं नव्हतं, कारण बिसीने गाणं न सांगता मध्येच घेतलं होतं. आज त्यांनी ते रीतसर करायचं ठरवलं होतं.

अंकल टायो माइकपाशी वाकले आणि बोलले. ओठ हलले. आवाज नाही. दोन हजार माणसांसमोर एक म्हातारा माणूस आपल्या गेलेल्या मालकाशी बोलतोय आणि काही ऐकू जात नाही. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी हसून टाळ्या वाजवल्या. त्यांना तो नाटकाचा भाग वाटला असावा. अंकल थांबले. बोटाने माइकवर टकटक केलं. मग सरळ झाले आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

कानात यॉर्गचा आवाज आला. "तू त्यांना सांगितलं होतंस ना?"

मी बटण दाबून माइक चालू केला, यॉर्गनेही त्याच्याकडे केला, पण तोवर अंकल मागे वळले होते. आपल्या जागी जाऊन उभे राहिले. हात गिटारवरून बाजूला. ते रागावलेले दिसत नव्हते, रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त वाजवत नव्हते. आणि त्यांच्याशिवाय गाणं सुरू होत नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या हातून शिट्या खूप झाल्या, तारा तुटल्या, एकदा तर अख्खं स्टेज अंधारात गेलं. माणसाला असं उघडं पाडलं नव्हतं. शहाणपणा अंगाशी आला म्हणतात तो असा.

बिसी माझ्या टेबलाशी आली. काय केलंस, एवढंच तिने विचारलं. मी एका वाक्यात सांगितलं. शिवी देते की काय असं वाटलं. पण ती वळली, स्टेज ओलांडून अंकलपाशी गेली. मी मनात म्हटलं, आता ही गुडघे टेकणार. ती टेकली नाही. उभ्या उभ्याच त्यांच्या कानात दोन-तीन वाक्यं बोलली आणि उत्तराची वाट न बघता आपल्या माइककडे परत आली.

अंकल टायो पुन्हा मधल्या माइकपाशी गेले. या वेळी आवाज गेला, आणि तो सगळ्या मैदानावर ऐकू आला.

"चीफ, तुमच्या मुलीने गाणं केलं आहे. तुम्हाला ते माहीत नाही. खाली बसा आणि ऐका."

एवढं बोलून ते वाकले आणि त्यांनी माइकची केबल खसकन उपटली. चालू माइकची केबल उपटली की काय होतं, हे त्यांना पन्नास वर्षं स्टेजवर काढल्यावर माहीत नसणार असं नाही. धाडकन आवाज झाला. नगरपालिकेचा माणूस यंत्राकडे बघून दचकला, यॉर्गने माझ्या कानात एक ठेवणीतली शिवी हासडली. अंकलनी स्टँड उचलून स्वतःच्या ॲम्पच्या बाजूला नेऊन ठेवला, गिटारवर हात ठेवला आणि वाजवायला सुरुवात केली.

बिसीने पहिली ओळ घेतली आणि मध्येच थांबली. मला वाटलं, पुन्हा काहीतरी गेलं. ती पायाशी असलेल्या वेजकडे बघत होती. इतक्या खालच्या सुरातही तिला तिचा आवाज ऐकू येत होता. मग ती हसली, हाताने अंकलना खूण केली की एक मिनिट. आफ्रोबीटमध्ये हे एक बरं असतं, तोच तुकडा अर्धा तास वाजवायची सवय असलेल्या माणसाला आणखी दोन फेऱ्या म्हणजे काहीच नाही. अंकल वाजवत राहिले. तिने श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं, आणि तो खालचा, जवळ बसून बोलल्यासारखा आवाज त्या उन्हात शेवटच्या चादरीपर्यंत गेला. लोक नाचायचे थांबले. काही बसले. कोणी चीफचं गाणं मागितलं नाही. दुसऱ्या कडव्याला ती चालत चालत स्टेजच्या मधोमध येऊन उभी राहिली, आणि ते तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसावं. मी टेबलावरचं काही हलवलं नाही. डोळे पुसले, ते मात्र खरं.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला गाठलं. विचारलं, तू अंकलना काय सांगितलंस?

"सांगितलं, माइक मी बंद करायला लावला."

मी म्हटलं, पण तू नव्हता लावलास. मी जाऊन खरं सांगतो आणि माफी मागतो.

"अजिबात नाही," बिसी म्हणाली. "तू केलंस तर तो साउंडवाल्याचा आगाऊपणा झाला. मी केलं तर बँडचा निर्णय झाला. आता तो माझा आहे. परत मागायला येऊ नकोस."

तरी मी अंकल टायोंकडे गेलो. ते पेटीवर बसून कोपराभोवती केबल गुंडाळत होते. कोपराभोवती केबल गुंडाळली की ती आतून पिळवटते. दुसरा कोणी असता तर मी हातातून काढून घेतली असती. मी त्यांच्यासमोर खाली बसलो. त्यांनी विचारलं, माझ्या वेजमध्ये काय सोडलं होतंस? मी म्हटलं, ढोलावरचा माइक. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, चांगला होता, मला कळलं नाही.

मग केबल बाजूला ठेवून ते बोलायला लागले. माझ्याशी बोलत होते असं नाही, मी समोर होतो एवढंच. म्हणाले, ही मुलगी तीन वर्षं रोज सकाळी मला विचारते. तिच्या बापाने मला आयुष्यात एकदाही काही विचारलं नाही. तो सांगायचा, आम्ही वाजवायचो. जी विचारते तिच्यापुढे मी म्हातारा आहे, मी सांभाळून ठेवणार, माझं कामच ते. तो माइक काढ असं तिने पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर पहिल्या दिवशी काढला असता. मी वाट बघत होतो, कधी सांगते याची.

"आज तिने विचारलं नाही," अंकल टायो म्हणाले, आणि त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं. "तिने तुला हुकूम दिला, तू पाळलास. तुझा काही दोष नाही."

माफी माझ्या अगदी ओठांवर होती. ती गिळून मी त्यांनी बाजूला ठेवलेली केबल उचलली आणि नीट गुंडाळायला घेतली.

यॉर्गला मी त्याच संध्याकाळी खरं सांगितलं. त्याला राग माइकचा नव्हता, मी त्याच्याशी खोटं बोललो याचा होता, आणि तो राग रास्त होता. पुढे आम्ही खूप कामं एकत्र केली, पण इंटरकॉमवर मी काहीही सांगितलं की तो एकदा विचारायचाच: विर्क्लिश? खरंच? ती शिक्षा मी निवृत्त होईपर्यंत भोगली.

बिसीचा बँड अजून चालू आहे. तिची स्वतःची गाणी आता कार्यक्रमात निम्म्याहून जास्त असतात, आणि पहिला तुकडा अजूनही अंकल टायोच वाजवतात. मुलाखतींतून ते तिच्याबद्दल अभिमानाने सांगतात की या पोरीने भर स्टेजवर मला न विचारता बापाचा माइक बंद करायला लावला, तेव्हा मला कळलं की बँडला चीफ मिळाला. मी ते वाचतो आणि गप्प बसतो. अंकलना मराठी येत नाही, त्या भरवशावर हे इथे लिहिलं आहे.